कॉलेजातला रिसीव्हर पारखायचा कसा? कूपर कप, ४.६२ सेकंद आणि चेनीचं लाल मैदान

स्पोकेनकर | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

एप्रिल जवळ आला की एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, तिच्या ड्राफ्टच्या (संघ कॉलेजातले खेळाडू क्रमाने निवडतात, त्या निवडीच्या) याद्या सगळीकडे फिरू लागतात. अमका चाळीस यार्ड इतक्या सेकंदांत पळाला, तमका इतके इंच उडाला. आमच्या ऑफिसात मार्चपासून दुसरा विषय नसतो. परवा एका मित्राने एका रिसीव्हरचं, म्हणजे पुढे पळून पास झेलणाऱ्या खेळाडूचं, नाव यादीतून उडवलं. कारण काय, तर "चार पॉइंट सहा". मला राहवलं नाही. तिथे जेवणाच्या सुट्टीत जे धड बोलता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितो.

मी स्पोकेनला राहतो. इथून पंचवीसेक किलोमीटरवर चेनी नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठ. त्यांच्या मैदानावरचं कृत्रिम गवत २०१० पासून लालभडक आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांना सवय व्हायला अर्धा तास लागला. याच मैदानावर २०१३ ते २०१६ अशी चार वर्षं कूपर कप खेळला. ४२८ कॅच, ६,४६४ यार्ड, ७३ टचडाउन (शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन केलेले गुण). पोरगा याकिमाचा, म्हणजे याच राज्यातला. आजोबा आणि वडील दोघेही एनएफएलपर्यंत पोचलेले, तरी शाळा संपताना मोठ्या कॉलेजांपैकी कोणी त्याला विचारलं नाही.

२०१७ चा ड्राफ्ट आठवा. कॉरी डेव्हिस पाचवा, माइक विल्यम्स सातवा, जॉन रॉस नववा. मग झे जोन्स, कर्टिस सॅम्युएल, जूजू स्मिथ-शूस्टर. त्यानंतर तिसऱ्या राउंडमध्ये ६९ व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस रॅम्सने कपला घेतलं. म्हणजे रिसीव्हरांमध्ये तो सातवा. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२१ च्या हंगामात १४५ कॅच, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन, तिन्हींत लीगमध्ये पहिला. असं त्याआधी २००५ साली स्टीव्ह स्मिथने केलं होतं. आणि त्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू.

माझा प्रश्न असा: हे २०१७ च्या एप्रिलमध्ये दिसत होतं का? माझं उत्तर आहे, बरंचसं दिसत होतं. पण लोक जिथे बघत होते तिथे नव्हतं.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमध्ये, कप चाळीस यार्ड ४.६२ सेकंदांत पळाला. त्याच मैदानावर रॉस ४.२२ मध्ये पळाला, तेव्हाचा विक्रम. चाळीस यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. अंगावर पॅड नाहीत, समोर बचावपटू नाही, वळायचं नाही. सामन्यात रिसीव्हर असा सरळ, मोकळा किती वेळा पळतो? बहुतेक रूट, म्हणजे पळण्याचे ठरलेले मार्ग, दहा-पंधरा यार्डांवर मोडतात. स्लँट, आउट, कर्ल, डिग, कमबॅक. प्रत्येकात एक क्षण असतो, जेव्हा रिसीव्हर वेगात असताना पाय रोवून दिशा बदलतो. त्या क्षणी त्याच्यात आणि त्याला धरून असलेल्या कॉर्नर या बचावपटूमध्ये जे दोन हात अंतर पडतं, त्यात क्वार्टरबॅक चेंडू टाकतो. रिसीव्हरचं काम ते अंतर पाडणं. वेग हे त्याचं एक साधन आहे, आणि एकमेव नक्कीच नाही.

आता त्याच कम्बाइनमधला कपचा दुसरा आकडा बघा. तीन शंकूंची जी चाचणी असते, ज्यात 'एल' अक्षराच्या आकारात वळणं घेत पळतात, त्यात ६.७५ सेकंद. वीस यार्डांच्या, इकडून तिकडे पळायच्या शटलमध्ये ४.०८. हे उत्तम आकडे आहेत. ४.६२ ची चर्चा महिनाभर चालली. यांची किती झाली?

आणि "खालच्या पातळीवर खेळला" या आक्षेपाचं उत्तरही मैदानावरच होतं. ईस्टर्न वॉशिंग्टन एफसीएस या दुसऱ्या फळीच्या कॉलेज गटात खेळतं, पण दरवर्षी एखादा सामना मोठ्या कॉलेजशी असतो. कपने पॅक-१२ या मोठ्या कॉलेजांच्या गटातल्या चार संघांविरुद्ध खेळून दाखवलं:

२०१३, ओरेगन स्टेट: ५ कॅच, ११९ यार्ड, २ टचडाउन
२०१४, वॉशिंग्टन: ८ कॅच, १४५ यार्ड, ३ टचडाउन
२०१५, ओरेगन: १५ कॅच, २४६ यार्ड, ३ टचडाउन
२०१६, वॉशिंग्टन स्टेट: १२ कॅच, २०६ यार्ड, ३ टचडाउन

यातले पहिला आणि शेवटचा हे दोन सामने ईस्टर्नने जिंकले. २०१४ च्या वॉशिंग्टन संघात मार्कस पीटर्स हा कॉर्नर होता, जो पुढच्याच वर्षी पहिल्या राउंडमध्ये १८ वा गेला. हे सगळं टीव्हीवर होतं, लपलेलं काहीच नव्हतं.

तुमचं मत लिहा. विरोधातलं असेल तर जरूर लिहा.

पिवळा_रुमाल | शनिवार, रात्री १०:४५

उत्तम धागा. मी न्यू जर्सीत शालेय सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. नियमांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण कॉलेजची फिल्म पाहताना ही गोष्ट लोक विसरतात: कॉलेज आणि एनएफएल या दोन्ही खेळांची मोजपट्टी वेगळी आहे.

कॉलेजात कॅच पुरा व्हायला एक पाऊल रेषेच्या आत पडलं की पुरे. एनएफएलमध्ये दोन्ही हवीत. त्यामुळे कॉलेजातला रिसीव्हर कडेला चेंडू पकडतो तेव्हा मी त्याचं दुसरं पाऊल बघतो. नियमाला गरज नसताना जो पोरगा दुसरा पायही आत ओढतो, त्याला कोणीतरी नीट शिकवलंय आणि त्याने ते मनावर घेतलंय.

दुसरं हॅश मार्कांचं. मैदानाच्या मधल्या या दोन खुणांच्या ओळींमधलं अंतर कॉलेजात ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर ठेवला की उजवीकडे भलं मोठं रान मोकळं पडतं. तिथे रिसीव्हर मोकळा सापडला तर ते श्रेय त्याच्या पायांचं की जागेचं, हे विचारायला हवं. एनएफएलमध्ये ते रान आकसतं.

मात्र एक गोष्ट रिसीव्हरच्या बाजूने जाते. एनएफएलमध्ये पहिल्या पाच यार्डांनंतर बचावपटूला त्याला अडवता येत नाही. कॉलेजात तसा पाच यार्डांचा नियम नाही. म्हणजे सुरुवातीचे पाच यार्ड ज्याने हाताने-खांद्याने सोडवून घेतले, त्याला वरच्या पातळीवर पुढचा रस्ता थोडा मोकळा मिळतो. म्हणून मी पहिल्या दोन पावलांकडे सगळ्यात जास्त लक्ष देतो. छातीवर हात पडल्यावर पोरगा थांबतो, की हात झटकून तसाच पुढे जातो?

खांबावरचा | रविवार, सकाळी ७:३०

स्पोकेनकर, 'पाय रोवून दिशा बदलणं' वाचलं आणि थेट सांगलीचं शाळेचं मैदान आठवलं. मी आठ वर्षं खो-खो खेळलो. अमेरिकन फुटबॉल पोरामुळे गेली चार वर्षंच पाहतोय, त्यामुळे चुकलो तर सांगा.

आमच्या शाळेत शंभर मीटरला कायम पहिला येणारा मुलगा होता. संरक्षणाला उतरला की लवकर बाद. आणि एक दुसरा, पळायला साधाच, पण साखळी अशी खेळायचा की तीन-तीन मिनिटं हाताला लागायचा नाही. कारण त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याला उलट फिरता येत नाही. हा पठ्ठ्या खांद्याची हूल द्यायचा, समोरच्याने दिशा घेतली की पाटीवरच्या दोघांमधून सटकून पलीकडे.

मला रिसीव्हरचा रूट अगदी तसाच दिसतो. इथे कॉर्नरला नियमाचं बंधन नाही, पण त्याच्या शरीराचं आहे. मागे-मागे पळताना त्याने एकदा कंबर फिरवली की पुन्हा वळायला त्याला वेळ लागतोच. तो कधी फिरवतो हे ज्याला कळतं आणि त्याच क्षणी जो मोडतो, तो सुटला. आमचे सर म्हणायचे, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस, कमरेकडे बघ. डोळे खोटं बोलतात.

आकडेमोड | रविवार, सकाळी ११:०५

धागा मनापासून आवडला, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

कप यशस्वी झाला म्हणून आपण मागे वळून त्याच्या खुणा शोधतोय. एफसीएसमध्ये ढीगभर यार्ड काढून पुढे काहीच न झालेले रिसीव्हर दरवर्षी असतात. त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही. ३२ संघांतल्या लोकांनी कपला सहा जणांच्या मागे ठेवलं, तेव्हा त्यांच्यासमोर तीन खऱ्या शंका होत्या.

एक, वय. त्याचा जन्म जून १९९३ चा. ड्राफ्टच्या वेळी जवळजवळ २४. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांवर मात करणं सोपं असतं. म्हणूनच रिसीव्हर पहिल्यांदा चमकला तेव्हा किती वर्षांचा होता, हे बघायची पद्धत पडली आहे.

दोन, पद्धत. ईस्टर्न वॉशिंग्टन पासवर चालणारा संघ होता. अशा संघात कॅच वाढतातच. एकूण यार्ड न बघता संघाच्या पासिंगमधला त्याचा वाटा बघायला हवा.

तीन, संघ. कपला रॅम्स मिळाले. शॉन मॅकव्हे नुकताच आला होता, तीस-एकतीस वर्षांचा मुख्य प्रशिक्षक. त्याने रिसीव्हरांना रांगेच्या जवळ, आत ओढून उभं केलं. तिथून दोन्ही बाजूंना मोडता येतं आणि धावण्याच्या खेळात ब्लॉकही करता येतो, म्हणजे बचावपटूला अडवता येतं. कपला हे सगळं जमत होतं. दुसऱ्या एखाद्या संघाने त्याला कडेला उभं करून सरळ पळवलं असतं, तर १,९४७ यार्डांची गोष्ट आज आपण करत नसतो.

चार मोठ्या सामन्यांबद्दल: ४० कॅच, ७१६ यार्ड, ११ टचडाउन हे प्रभावी आहेच. पण ते चारच सामने आहेत.

स्पोकेनकर | रविवार, दुपारी १:२०

आकडेमोड, वयाचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, पण तुमच्याच मोजपट्टीने उत्तर देतो. कपचं मैदानावरचं पहिलं वर्ष २०१३. तेव्हा तो वीस वर्षांचा. त्या वर्षी ९३ कॅच, १,६९१ यार्ड, २१ टचडाउन. एफसीएसच्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि त्या पुरस्काराला महान रिसीव्हर जेरी राइसचं नाव आहे. म्हणजे तो तेविसाव्या वर्षी चमकला नाही, पहिल्याच दिवसापासून चमकत होता.

राइसचं नाव निघालंच आहे तर, तोही लहान कॉलेजातला, मिसिसिपी व्हॅली स्टेटचा. त्याच्याही घड्याळावरच्या वेगाबद्दल शंका होत्या. १९८५ मध्ये दोन रिसीव्हर त्याच्याआधी गेले. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सने अदलाबदल करून आपली निवड वर आणली आणि १६ व्या क्रमांकावर त्याला घेतलं. नंतर २२,८९५ यार्ड. तरी तुमचा मुद्दा कायम राहतो की ही दोन नावं झाली आणि दोन नावांवरून नियम होत नाही. मान्य.

संघाचा मुद्दाही मान्य, आणि तो मला सर्वात मोलाचा वाटतो. 'हा चांगला का?' या प्रश्नाआधी 'याला कोणतं काम द्यायचंय?' हे विचारायला हवं. पण याचा अर्थ रॅम्सने पारख केली. आपल्याला लागणारे गुण नेमके कुठले हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी ४.६२ च्या पलीकडे जाऊन शोधले. २०२३ मध्ये पुन्हा तेच केलं. बीवायू कॉलेजचा पुका नाकुआ, दुखापतींमुळे मागे पडलेला, पाचव्या राउंडमध्ये १७७ वा. पहिल्याच हंगामात १०५ कॅच आणि १,४८६ यार्ड, दोन्ही नवोदितांचे तेव्हाचे विक्रम.

सिॲटलची_सर | रविवार, संध्याकाळी ६:५०

जॉन रॉसवर सगळे तुटून पडतात, म्हणून त्याच्या बाजूने दोन शब्द. तो आमच्याच वॉशिंग्टन विद्यापीठाचा. पहिल्या हंगामात एकही कॅच नाही हे खरं. पण सप्टेंबर २०१९ मध्ये त्याचा संघ बेंगाल्स सिॲटलला आला तेव्हा मी स्टेडियममध्ये होते. ७ कॅच, १५८ यार्ड, २ टचडाउन. आम्ही २१-२० ने कसेबसे जिंकलो आणि त्याच्याकडे चेंडू गेला की आमच्या अख्ख्या रांगेचा श्वास अडकत होता. त्याचा घात वारंवारच्या दुखापतींनी केला, आणि गुडघ्याचं मोठं दुखणं कॉलेजातच होऊन गेलेलं होतं. तेव्हा पारख करताना वैद्यकीय अहवालाला मी फिल्मइतकंच महत्त्व देईन. आपल्यासारख्या बाहेरच्यांना तो दिसत नाही, आणि संघांचे बरेच 'न समजणारे' निर्णय तिथेच ठरतात.

दुसरं उदाहरण आमच्याकडे खेळलेल्या डीके मेटकाफचं. ते तीन शंकूंच्या चाचणीच्या विरुद्ध जातं, म्हणून मुद्दाम सांगते. २०१९ च्या कम्बाइनमध्ये सहा फूट तीन इंच, २२८ पौंडांचा हा माणूस ४.३३ मध्ये पळाला. पण तीन शंकूंना ७.३८. संथ पायांचा म्हणून ओळखला जाणारा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, त्याने २००० साली ७.२० घेतले होते, तेव्हा महिनाभर तीच तुलना चालली. मानेची दुखापतही होऊन गेली होती. घसरत घसरत तो ६४ वा आला. आमच्या सीहॉक्सने त्याला नागमोडी पळायला लावलंच नाही. सरळ लांब पळ, किंवा सुरुवातीलाच झटकन आत मोड. पहिल्या वर्षी ९०० यार्ड, दुसऱ्या वर्षी १,३०३.

त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी गेलेले दोघं बघा. नकील हॅरी ३२ वा, जेजे अर्सेगा-व्हाइटसाइड ५७ वा. दोघांचीही कॉलेजातली क्लिप डोळे दिपवणारी, बचावपटूच्या डोक्यावरून हिसकावलेले झेल. मलाही तेव्हा ते फार आवडले होते. हॅरीचे पहिल्या वर्षी १२ कॅच (अर्धा हंगाम दुखापतीत गेला), अर्सेगा-व्हाइटसाइडचे १०. आज त्याच क्लिप बघताना मला वेगळंच दिसतं. चेंडू हिसकावायची वेळ दर वेळी येतेय, म्हणजे मुळात अंतर पडलेलंच नाहीये.

खांबावरचा | रविवार, संध्याकाळी ७:१५

शेवटचं वाक्य फार पटलं. खो-खोतसुद्धा टाळ्या सूर मारण्याला मिळतात, पण सूर मारायची वेळ येऊ न देणारा खेळाडू सर जास्त वेळ मैदानावर ठेवायचे.

आकडेमोड | रविवार, रात्री ८:४०

सिॲटलची_सर, हॅरीचं उदाहरण मला माझ्या बाजूचं वाटत होतं, तुम्ही ते चांगलंच फिरवलंत.

जस्टिन जेफरसनचाही विषय निघायला हवा. २०२० मध्ये तो पाचवा रिसीव्हर, एकूण २२ वा. आधी रग्ज, जूडी, लॅम, आणि लगेच पुढे २१ वा जेलेन रेगर. २०१९ मध्ये एलएसयू कॉलेजसाठी १११ कॅच आणि १,५४० यार्ड असूनही शंका एकच होती: हा बहुतेक वेळ स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला उभा राहिला. तिथे बचावपटूला लगेच अंगावर येता येत नाही. बाहेर, प्रेस कव्हरेजसमोर, म्हणजे बचावपटू अगदी समोर उभा राहून हात टाकतो तिथे, याचं काय होईल? पण २०१८ मध्ये तो बाहेरच खेळला होता आणि ८७५ यार्ड काढले होते. शंकेचं उत्तर एक वर्ष जुन्या फिल्ममध्ये होतं. पहिल्या हंगामात १,४०० यार्ड.

माझा आक्षेप मी थोडा बदलतो. आकडे बघायचेच, पण शेवटच्या वर्षापुरते नकोत आणि एकाच चाचणीचे तर मुळीच नकोत.

शिरीषफूल | सोमवार, सकाळी ९:२५

सगळं वाचतेय. एक व्यक्तिगत प्रश्न विचारू का? माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शाळेच्या संघात रिसीव्हर. एनएफएल वगैरे डोक्यात नाही, पण कॉलेजात खेळायची त्याची फार इच्छा आहे. गेल्या महिन्यात प्रशिक्षकांनी वेळ घेतली आणि तो मागे पडला. तेव्हापासून गप्प आहे. मला या खेळातलं फारसं कळत नाही. त्याचा खेळ बघताना मी नेमकं काय बघू? त्याला खरं तेच सांगायचंय, उगीच धीर द्यायचा नाहीये.

पिवळा_रुमाल | सोमवार, दुपारी १२:१०

ताई, आधी कॅमेऱ्याचं सांगतो. आई-बाबा चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवतात, टीव्हीवालेही तेच करतात. त्यामुळे रिसीव्हर जे खरं काम करतो ते चौकटीबाहेर राहतं. प्रशिक्षक जी फिल्म बघतात त्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. तुम्ही उंच जागी बसा, कॅमेरा रुंद ठेवा आणि हलवू नका. मग चेंडू त्याच्याकडे न आलेले खेळही बघा. खरं तर तेच आधी बघा.

मोडायच्या आधी तो बारीक पावलं टाकायला लागतो का? डोकं वर उचलतो का? खांदे उभे होतात का? यातलं काही झालं की कॉर्नरला आगाऊ कळतं. उत्तम रिसीव्हरचं शरीर सरळ पळताना आणि मोडताना शेवटच्या क्षणापर्यंत सारखंच दिसतं. आणि झेल पंजांत घेतो की छातीवर? छातीवर आलेला चेंडू उसळतो आणि मधल्या वेळात बचावपटूचा हात पोचतो.

स्पोकेनकर | सोमवार, दुपारी १:००

पिवळा_रुमालशी पूर्ण सहमत. एकच जोडतो. वेळ मागे पडली हे खरं आहे आणि ते त्याच्यापासून लपवू नका. मोठ्या कॉलेजांचे दरवाजे त्यामुळे अवघड होतील. पण पंधराव्या वर्षी पाय रोवणं, वेग कमी करून पुन्हा पकडणं, समोरच्याला वाचणं हे सगळं सरावाने पुष्कळ वाढतं. सरळ वेग तितका वाढत नाही.

शिरीषफूल | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:३५

काल सात-सातचा सराव सामना होता. सगळ्यात वरच्या पायरीवर बसले आणि सांगितल्याप्रमाणे कॅमेरा हलवला नाही. रात्री आम्ही दोघांनी एकत्र पाहिलं. चेंडू त्याच्याकडे नऊ वेळा आला, पण आम्ही चौतीस खेळ पाहिले. अकराव्या की बाराव्या खेळाला तो स्वतःच म्हणाला, "आई, थांब, मागे घे." डावीकडे मोडायच्या आधी तो दर वेळी दोन छोटी पावलं टाकतो. उजवीकडे नाही टाकत. उजवीकडे तो चांगला तीन-चार फूट सुटलेला दिसत होता.

आज सकाळपासून मागच्या अंगणात बुटांचे दोन खोके ठेवून फक्त डावीकडे मोडतोय. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

स्पोकेनकर, त्याने विचारलंय, चेनीचं गवत खरंच लाल आहे का?

स्पोकेनकर | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:०५

खरंच लाल आहे. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर सामना असेल त्या शनिवारी घेऊन या, उतरायची सोय आमच्याकडे. मैदान लहान आहे, कुठेही बसलं तरी रिसीव्हरचे पाय दिसतात.